घरगुती ऊर्जा लेखापरीक्षण सेवा: मोजमाप चोख, बचतीचा हिशेब कच्चा

विजेचे आणि गॅसचे बिल नियमाने येते, त्यावर एक एकूण आकडा असतो, आणि तो आकडा घरातल्या कोणत्या गोष्टीने किती वाढवला हे त्यावरून कळायला काहीही मार्ग नसतो. दिवे मालवा, जुनी यंत्रे बदला, खिडक्यांना दुहेरी काच लावा असे सल्ले कोणीही देतो. मात्र आपल्याच घरात यांपैकी कशाला अर्थ आहे आणि कशाला नाही, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आम्ही एका स्वतंत्र संस्थेकडून घराचे ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजेच एनर्जी ऑडिट, करून घेतले. माझे मत आधीच सांगतो: सेवा घेण्यासारखी आहे आणि तिचा खरा कस घरी येऊन केलेल्या मोजणीत दिसतो. नंतर हाती पडलेला लेखी अहवाल मात्र त्या मोजणीच्या तोडीचा नाही, आणि बचतीचे जे आकडे त्यात मांडले आहेत ते जसेच्या तसे धरून कोणी खर्च ठरवू नये.

भेटीची वेळ देण्यापूर्वी संस्थेने मागच्या १२ महिन्यांची सर्व बिले, घराचा ढोबळ आराखडा आणि राहणाऱ्या माणसांची संख्या मागवून घेतली. बिले वर्षभराचीच का हवीत, याचे कारण परीक्षकांनी आल्या आल्या सांगितले. ज्या महिन्यांत घर गारही करावे लागत नाही आणि उबदारही ठेवावे लागत नाही, त्या महिन्यांचा वापर हा घराचा कायमचा पाया असतो. बाकीच्या महिन्यांत त्यावर चढलेला भाग हवामानामुळे आलेला असतो. पाया मोठा असेल तर दोष उपकरणांत आणि पाणी तापवण्यात शोधायचा, वरचा भाग मोठा असेल तर छत, भिंती आणि फटींकडे वळायचे. आमच्या बाबतीत दोन्हीकडे काम होते, पण निम्मे निदान घरात पाऊल टाकण्याआधीच कागदावर झालेले होते. जी संस्था जुनी बिले न मागता थेट यंत्रे घेऊन दारात उभी राहते, तिच्या कामाच्या पद्धतीबद्दल शंका घ्यायला जागा आहे, असे मला यावरून वाटते.

सर्वांत उपयोगी काम मीटरसमोर झाले, आणि त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागले नाही. डिजिटल मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या पाटीवरच छापलेले असते. आमच्या मीटरवर तो आकडा १६०० होता. परीक्षकांनी आम्हाला आमच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे घरातले ‘सगळे’ बंद करायला सांगितले, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबण्याची वाट पाहिली आणि मग घड्याळ लावले. दोन लुकलुकींमध्ये १५ सेकंद गेले. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल; त्याचे १६०० भाग केले तर एक भाग २२५० ज्यूलचा होतो, त्याला १५ ने भागले की १५० वॅट येतात. म्हणजे कोणी काहीही वापरत नसताना हे घर अखंड १५० वॅट ओढत होते. एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात, या हिशेबाने वर्षाला १३०० युनिटांहून अधिक वीज कोणाच्याही उपयोगी न पडता जात होती. हा आकडा ऐकून आम्हाला जो धक्का बसला, तो पुढच्या सगळ्या आलेखांनी मिळून दिला नाही.

त्यानंतर बोर्डावरचे एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक सर्किटचा स्वयंचलित खटका, पाडत, दिव्याच्या लुकलुकीतला वेळ कुठे वाढतो हे पाहत, त्यांनी दोषी सर्किट शोधले आणि मग त्या खोलीतला एकेक प्लग काढत थेट उपकरणापर्यंत पोहोचले. कपाटाच्या आत ठेवलेला जुना ॲम्प्लिफायर, संगणकाचा यूपीएस आणि रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स या तिघांचा वाटा मोठा निघाला. मोबाईलच्या चार्जरबद्दल घरात कायम कुरबुर चालायची, पण फोन न लावता भिंतीत राहिलेला आजचा चार्जर इतकी थोडी वीज घेतो की त्याच्या मागे धावण्यात हशील नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. तयार स्थितीतल्या, म्हणजे स्टँडबाय, उपकरणाने एक वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये, हे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच पुढे ठेवले होते, आणि अलीकडची बरीच उपकरणे ते पाळतात. अडचण जुन्या वस्तूंची असते, आणि त्या वस्तू कोणत्या हे प्रत्येक घरात वेगळे असते. ही तपासणी ज्याला मीटरपर्यंत पोहोचता येते तो कोणीही स्वतः करू शकतो, आणि लेखापरीक्षण करून घ्यायचे नसले तरी प्रत्येकाने ती एकदा करावीच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फ्रिजच्या बाबतीत परीक्षकांनी घाई केली नाही, ही बाब मला विशेष आवडली. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो आणि बर्फ वितळवणारा हीटर मधूनच काही वेळ जोरात वीज घेतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या नोंदीवरून काढलेला निष्कर्ष हमखास फसतो. त्यांनी प्लग आणि फ्रिज यांच्या मध्ये नोंद ठेवणारे छोटे मीटर बसवले आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहू दिले. हे मीटर खरी शक्ती मोजणारे होते, हेही महत्त्वाचे आहे. तारेभोवती अडकवायच्या साध्या चिमटा-मीटरने फक्त विद्युतप्रवाह कळतो. त्याला व्होल्टेजने गुणून जो आकडा येतो तो मोटर असलेल्या उपकरणांसाठी प्रत्यक्ष वापरापेक्षा फुगलेला असतो, आणि घरगुती बिल बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष वापराचे येते. नोंद पाहिल्यावर फ्रिज बदलायचा सल्ला येईल असे आम्हाला वाटले होते. त्याऐवजी परीक्षकांनी दाराच्या रबरी पट्टीत कागदाची चिठ्ठी अडकवली, ती खालच्या कोपऱ्यात विनासायास निघून आली, आणि तिथे पट्टी कडक होऊन उचलली गेल्याचे दिसले. पट्टी बदला, मागची जाळी भिंतीपासून मोकळी करा, आतले तापमान ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि पुन्हा एक दिवस मोजून मगच नव्या फ्रिजचा विचार करा, इतकेच त्यांनी सांगितले.

घराच्या हवाबंदपणाची चाचणी हा या भेटीचा सर्वांत देखणा भाग होता, आणि तो घरी करता येण्यासारखा नाही. मुख्य दाराच्या चौकटीत कापडाचा ताणलेला पडदा आणि त्यात मोठा पंखा बसवतात, बाकीची दारे-खिडक्या बंद करतात, आणि पंख्याने आतली हवा बाहेर ओढून आत व बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा (पास्कल हे दाबाचे एकक) फरक निर्माण करतात. याला ब्लोअर डोअर म्हणतात. हा दाब घराला चारही बाजूंनी ताशी ३० किलोमीटरच्या आसपासचा वारा लागल्यासारखा असतो. इतका फरक टिकवायला पंख्याला दर तासाला जितकी हवा ओढावी लागते, तिला घराच्या घनफळाने भागले की घरातली हवा तासाला किती वेळा पूर्ण बदलते हे कळते. आमचा आकडा ११ आला. हा आकडा कुठे बसतो हे समजण्यासाठी दुसरे टोक पाहावे: जर्मनीतल्या डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये पहिले ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत आरामदायक राहणारे घर, उभे राहिले, आणि त्या पद्धतीच्या घरांसाठी पुढे ठरलेली कमाल मर्यादा याच चाचणीत ०.६ इतकी आहे. जुन्या घराने तिथवर जावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते, परंतु ११ आणि ०.६ यांच्यामध्ये सुधारणेला किती वाव असतो हे त्यातून उमगते.

पंखा चालू असतानाच थर्मल कॅमेरा फिरवल्यामुळे फटी शब्दशः डोळ्यांना दिसल्या. खिडकीच्या काचेला आम्ही कायम दोष देत होतो. कॅमेऱ्यात काच नव्हे तर चौकट आणि भिंत यांच्यामधली सांध बाहेरच्या हवेची सरळ रेघ दाखवत होती. सिंकखाली जिथून नळाचे पाइप भिंतीत शिरतात ते भोक, माळ्यावर जाणाऱ्या झडपेच्या चारही कडा आणि बाहेरच्या भिंतीवरचे दोन स्विचबोर्ड अशा जागा एकामागून एक उजळत गेल्या. परीक्षकांनी माझा हात धरून स्विचबोर्डासमोर ठेवायला लावला आणि तिथून येणारा हवेचा झोत बोटांना लागला. त्या दिवसापर्यंत मला ती भिंत भरीव आहे असेच वाटत होते.

थर्मल कॅमेरा आता भाड्यानेही मिळतो आणि मोबाईलला जोडायचे छोटे कॅमेरेही आहेत, म्हणून वाचकांना एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. हा कॅमेरा तापमान पाहत नाही, पृष्ठभागातून येणारे अवरक्त किरण पाहतो. चकचकीत धातू आणि काच समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंब दाखवतात, त्यामुळे चकाकत्या पाइपवर किंवा खिडकीवर दिसलेला आकडा खरा मानू नये. दुसरे असे की, भिंतीवरचा थंड डाग म्हणजे तिथे इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) नाही असे दर वेळी नसते. ओल असेल तर पाणी उडून जाताना ती जागा थंड होते आणि कॅमेऱ्यात अगदी तशीच दिसते. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर असा डाग दिसताच परीक्षकांनी ओल मोजणारे साधन टेकवले, आणि तो पाइपच्या गळतीचा निघाला. नुसत्या चित्रांवर विसंबून राहिलो असतो तर आम्ही ओल्या भिंतीवर उष्णतारोधक थर चढवून बसलो असतो, आणि मग आत बुरशी धरल्याचे कळायला वर्षे गेली असती.

सुरक्षिततेच्या बाबतीत या संस्थेला पूर्ण गुण द्यायला हवेत. गॅसवर चालणाऱ्या उपकरणांच्या जवळ त्यांनी कार्बन मोनॉक्साइड मोजला, आणि सर्व एक्झॉस्ट पंखे एकाच वेळी लावून धूर नीट बाहेर जातो की आत खेचला जातो हे तपासले. घर हवाबंद करत नेले की एक्झॉस्ट पंख्यांना बाहेरून हवा मिळेनाशी होते आणि ते ती धुराच्या नळीतून उलटी ओढू शकतात; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. फटी बुजवण्याचा सल्ला देणाऱ्याने ही तपासणी केली नसेल, तर त्याचा सल्ला कितीही बरोबर असला तरी अमलात आणू नये.

गरम पाण्याच्या भागात त्यांनी हिशेब सोपा करून दाखवला. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते, मग गिझर कोणत्याही कंपनीचा आणि कितीही तारांकित असो, कारण पाण्याची उष्णताधारकता कोणालाच बदलता येत नाही. विजेच्या साध्या गिझरमध्ये बचत दोनच मार्गांनी होते: पाणी कमी लागावे, आणि तापलेले पाणी उभ्या-उभ्या निवू नये. आमच्या घरी गिझरपासून शेवटच्या नळापर्यंतचा पाइप लांब आणि उघडा होता, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर पाइपभर गरम पाणी थंड होऊन वाया जात होते. त्यावर फोमचे आवरण चढवणे हे त्या यादीतले सर्वांत स्वस्त काम ठरले. साठवणीच्या टाकीचे तापमान फार खाली आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात, म्हणून टाकीत ६० अंश राखून नळाशी थंड पाणी मिसळा, हेही त्यांनी बजावून सांगितले. हीट पंपावर, म्हणजे आसपासच्या हवेतली उष्णता ओढून, पाणी तापवणारे यंत्र वीज जितकी घेते त्याच्या तिप्पट किंवा अधिक उष्णता देऊ शकते, त्यामुळे गिझर बदलायची वेळ येईल तेव्हा त्याचा विचार करावा, परंतु चालता गिझर काढून टाकू नये, असे त्यांचे मत पडले. ते मला पटले.

दिवे आणि पंख्यांवर फारसा वेळ गेला नाही आणि जायलाही नको होता. साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड नऊ-दहा वॅटचा एलईडी देतो, हे आता सर्वांना माहीत आहे आणि आमच्याकडे ते बदल आधीच झालेले होते.

संस्था स्वतः खिडक्या, इन्सुलेशन, सोलर पॅनेल किंवा वातानुकूलन यंत्रे यांपैकी काहीही विकत नाही, आणि या सेवेचे मोल मला त्यामुळेच सर्वाधिक वाटले. फुकट तपासणी करून देणारे बहुतेक जण शेवटी आपलेच उत्पादन पुढे करतात. आमच्या डोक्यात सगळ्या खिडक्या बदलण्याचे घाटत होते. साध्या एकेरी काचेतून आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे प्रति चौरस मीटर सुमारे ५.८ वॅट उष्णता जाते, दुहेरी काचेतून त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि विशेष लेप व वायू भरलेल्या काचेतून त्याहूनही बरीच कमी, हे परीक्षकांनी मान्य केले. तरीही आमच्या खिडक्यांचे क्षेत्र छताच्या तुलनेत थोडे होते, छतावर कसलाच उष्णतारोधक थर नव्हता, आणि जी अस्वस्थता आम्हाला जाणवत होती ती मुळात चौकटीच्या सांधीतून येणाऱ्या हवेची होती. त्यांनी क्रम लावून दिला: आधी फटी, मग छत, मग पाइप आणि पट्ट्यांसारखी किरकोळ कामे, आणि यंत्रे सर्वांत शेवटी. यंत्रे शेवटी घेण्यामागे ठोस कारण आहे. घर गळके असताना यंत्राची क्षमता ठरवली, तर घर सुधारल्यावर ते यंत्र गरजेपेक्षा मोठे ठरते, वारंवार चालू-बंद होते, हवेतली आर्द्रता नीट काढत नाही आणि जास्त पैसेही खाते. एका मोठ्या खर्चापासून आम्हाला परावृत्त करणारा हा सल्ला संपूर्ण शुल्काच्या मोलाचा होता.

आता त्रुटी. अहवालात प्रत्येक सुधारणेपुढे तिची वार्षिक बचत दिली होती आणि तळाशी त्या सर्वांची बेरीज करून ठेवली होती. ही बेरीज चुकीची आहे. समजा छताच्या थरामुळे घर उबदार ठेवण्याची गरज ३० टक्क्यांनी घटली, आणि त्याच गरजेसाठी ३० टक्के कमी ऊर्जा घेणारे यंत्र बसवले, तर एकूण बचत ६० टक्के होत नाही. पहिल्या सुधारणेनंतर उरलेल्या ७० टक्क्यांवरच दुसरी लागू होते, आणि उत्तर ५१ टक्के येते. सुधारणा जितक्या अधिक, तितका हा फुगवटा वाढत जातो. शिवाय खर्च किती वर्षांत फिटेल हा आकडाही याच बेरजेवर आधारलेला असल्याने तोही आशादायी बाजूला झुकलेला आहे. घर आरामदायक झाले की माणसे थोडी अधिक मोकळेपणाने वापर करू लागतात, ज्या खोल्या पूर्वी बंद ठेवत त्या उघडतात, याचाही विचार अहवालात नाही. मी हे लेखी कळवले तेव्हा संस्थेने आकडे सुधारून पाठवले, पण आपली मूळ पद्धत बदलणार का, याचे उत्तर दिले नाही.

दुसरी त्रुटी मला अधिक सलते. फटी बुजवून झाल्यावर पुन्हा मोजणी करणे या सेवेत समाविष्ट नाही, त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. आम्ही सिलिकॉन, फोम आणि रबरी पट्ट्यांनी दाखवलेल्या सर्व जागा बंद केल्या, माळ्याच्या झडपेला कड लावली, छतावर थर चढवला. आता तो ११ चा आकडा कुठवर खाली आला, हे कळल्याशिवाय काम पुरे झाले की नाही आणि आता यंत्राने ताजी हवा आत आणण्याची सोय करावी लागेल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. अहवालात वायुवीजनाबद्दल एकच ओळ आहे. घर बंद करायला सांगणाऱ्या सेवेने त्यातली हवा शिळी होऊ नये याची काळजी एका ओळीत उरकावी, हे मला मान्य नाही.

परिणाम विचाराल तर रात्रीचा अखंड भार उतरल्याचे मीटरच्या दिव्यावरूनच दिसते, आणि त्याविषयी शंका नाही. हवामानाशी जोडलेल्या वापराची तुलना मात्र नुसती बिले शेजारी ठेवून करता येत नाही, कारण एखादे वर्ष सौम्य जाते आणि श्रेय फुकट मिळते. त्यासाठी रोजच्या सरासरी तापमानाचे एका ठरावीक पायाभूत तापमानापासूनचे अंतर महिनाभर मिळवत जायचे, त्याला डिग्री-डे म्हणतात, आणि वापराला त्या बेरजेने भागून वर्षांची तुलना करायची. तसा हिशेब मांडल्यावर आमचा वापर स्पष्टपणे घटलेला दिसतो, मात्र अहवालातल्या मूळ बेरजेपेक्षा घट बरीच कमी आहे आणि सुधारित आकड्यांच्या जवळ आहे. खोल्यांमधल्या तापमानातला फरक तर मोजण्याआधीच घरातल्या ज्येष्ठांनी बोलून दाखवला.

नवे, चांगल्या नियमांनुसार बांधलेले घर असेल किंवा भिंती-छताला हात लावण्याची मुभा नसलेले भाड्याचे घर असेल, तर इतकी सविस्तर सेवा घेण्याची गरज नाही; मीटरचा दिवा आणि प्लगमध्ये लावायचे एक छोटे मीटर पुष्कळ काही सांगून जाते. जुन्या घरात मोठा खर्च करायचे ठरत असेल, तर मात्र तो करण्याआधी ही सेवा घ्यावी. ठरवताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: संस्था किंवा तिची भागीदार कंपनी काही विकते का, ब्लोअर डोअरची चाचणी कामाआधी आणि कामानंतर अशी दोनदा होणार का, आणि बचतीचे आकडे एकमेकांवरचा परिणाम धरून काढलेले असतात का. भेटीचा दिवसही विचारपूर्वक निवडावा. थर्मल कॅमेऱ्याला नीट दिसण्यासाठी आत आणि बाहेर साधारण १० अंशांचा तरी फरक लागतो, आणि ऊन पडून तापलेली भिंत पुढे कित्येक तास खोटे चित्र दाखवते. त्यामुळे थंडीत असाल तर पहाटेची आणि कडक उन्हाळ्यात असाल तर घर आतून पुरेसे गार करून सूर्यास्तानंतरची वेळ मागून घ्यावी.